उंदराच्या उंचीवरून

मांजलपूरच्या एका ताईंनी विचारलं आहे: "माझा मुलगा ११ वर्षांचा आहे. हातात तलवारी घेतलेल्या उंदरांची एक जाडजूड इंग्रजी चित्रकादंबरी त्याने आणली आणि आता ती तिसऱ्यांदा वाचतोय. साधं पुस्तक हातातही घेत नाही. मी चाळून पाहिली, मला ते लहान मुलांचं कॉमिक वाटलं. पण त्याचे बाबा रात्री दीडपर्यंत तेच घेऊन बसले. त्यात एवढं आहे तरी काय? आपल्याकडे पंचतंत्र आहेच ना? आणि असल्या पुस्तकांनी त्याचं वाचन सुटेल का?"

मी इथे बडोद्यातच फाइन आर्ट्सला शिकले. गेली २६ वर्षं मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढते आणि रावपुऱ्यातल्या घरी शनिवार-रविवार मुलांना चित्रकथा काढायला शिकवते. त्यामुळे उत्तर जरा लांबेल, चालवून घ्या.

ताई, अशा पुस्तकाचं सगळं बळ माझ्या मते एका गोष्टीत असतं. नायकाची उंची आठ सेंटिमीटर आहे, आणि हे चित्रकार एका पानावरही विसरत नाही.

हिशेब करून बघा. आपल्याकडे आषाढात टपोरा थेंब पडतो तो चारेक मिलिमीटरचा, म्हणजे आठ सेंटिमीटरच्या उंदराच्या उंचीचा विसावा भाग. तुमची उंची १६० सेंटिमीटर धरली तर तुमच्यावर आठ सेंटिमीटरचे थेंब पडायला हवेत. मोसंब्याएवढे. अंगणातून घरापर्यंत जायचं आणि आभाळातून पाण्याची मोसंबी पडताहेत! आता त्या पुस्तकात पावसाचं पान असेल तर ते उघडा. चांगल्या चित्रकाराने तिथे सरींच्या तिरप्या रेघा ओढलेल्या नसतील, एकेक थेंब वेगळा काढला असेल. उंदीर पानाखाली दबून उभा असेल आणि पानाच्या टोकाला लोंबणारा थेंब त्याच्या डोळ्याहून मोठा असेल. साधा घरातला उंदीर वजनाला २० ग्रॅमच्या आसपास असतो. त्याला वाऱ्याची झुळूक पुरते, गवताचं पातं झाडासारखं, सुई तलवारीसारखी, आणि घुबडाची सावली म्हणजे मरण. कथा सुरू होण्याआधीच पणाला प्राण लागलेले असतात. माणूस नायक असला की लेखकाला संकट शोधून आणावं लागतं. उंदराला बिळातून बाहेर पडणं हेच संकट असतं.

म्हणून ही पुस्तकं 'गोडगोड' असतात हा समज मला खरोखर छळतो. मऊ कान आणि गोल पोट बघून आपण पुस्तक लहान मुलांच्या कपाटात ठेवतो. मुलाला मात्र त्या कानांमागचं भय पहिल्या पानावर कळलेलं असतं. ११ वर्षांचा मुलगा रोज मोठ्यांच्या मापाच्या जगात वावरतो. बँकेचा काउंटर त्याच्या हनुवटीला लागतो, स्कूटरवर बसला तर पाय टेकत नाहीत, आणि घरातले निर्णय त्याच्या डोक्यावरून होतात. आणि त्याचे बाबा रात्री दीडपर्यंत का बसले? मोठं झालं म्हणून कुणाची उंची सगळ्या जगाला पुरेशी होते असं थोडंच असतं.

२०२४ च्या ऑगस्टमधला पूर तुम्हाला आठवत असेलच. विश्वामित्री नदी शहरात शिरली आणि तिच्यातल्या मगरी सोसायट्यांपर्यंत आल्या. वनखात्याची माणसं आणि स्वयंसेवक त्या धरून नेत होते. पाणी ओसरल्यावर वर्ग पुन्हा सुरू झाला तेव्हा मी मुलांना पुरावर पाच चौकटी काढायला सांगितल्या. बहुतेकांनी गच्चीवर उभी माणसं काढली, होड्या काढल्या. नऊ वर्षांच्या एका मुलीने माणूसच काढला नाही. तिच्या पाचही चौकटी पाण्याच्या पातळीवरून होत्या: वर तरंगणारं वॉचमनचं स्टूल, सोसायटीच्या फाटकाचे गज, बुडालेल्या गाडीचं छत, आणि खाली दोन डोळे. शेवटच्या चौकटीत फाटकावरची सोसायटीची पाटी होती, पण अक्षरांऐवजी नुसत्या वाकड्यातिकड्या खुणा. मी विचारलं, नाव का नाही लिहिलंस? ती म्हणाली, "मगरीला वाचता येत नाही ना."

तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर त्या पोरीने दिलेलं आहे. दुसऱ्याच्या शरीरात शिरून जग बघणं म्हणजे काय, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं.

आता पंचतंत्र. हो, आपल्याकडे आहे, आणि जगातल्या बोलणाऱ्या प्राण्यांच्या कितीतरी पुस्तकांचं ते मूळ आहे. विष्णुशर्म्याने तीन मठ्ठ राजपुत्रांना सहा महिन्यांत शहाणं करायचा विडा उचलला, त्यासाठी या गोष्टी. सहाव्या शतकात इराणचा बुर्झोय त्या पहलवी भाषेत घेऊन गेला. आठव्या शतकात इब्न अल-मुकफ्फाने त्यांना अरबीत आणलं, तिथे आपले करटक-दमनक हे दोन कोल्हे 'कलीला व दिमना' झाले. त्या अरबी पोथ्यांमध्ये तेराव्या शतकापासूनची चित्रं आजही बघायला मिळतात: सिंह दरबार भरवून बसलाय, कोल्हे कानाशी लागलेत. फिरत फिरत हे सगळं फारसीतून अकबरापर्यंत परत आलं आणि १५८८ मध्ये अबुल फझलने त्याच्यासाठी नवी फारसी आवृत्ती केली. म्हणजे प्राण्यांची सचित्र कथा ही काही परदेशातून कालपरवा आलेली चीज नाही.

पण आपण पंचतंत्राचं काय केलं ते बघा. गोष्ट अर्ध्या पानाची, खाली ठळक अक्षरात तात्पर्य. उंदीर आहे, पण त्याचं उंदीरपण कुठे? त्याच्या जागी ससा घातला तरी अडत नाही. मूळ संस्कृतात तसं नाही, आणि याचा मी जितका विचार करते तितका मला तो जुना ग्रंथकार मोठा वाटत जातो.

दुसऱ्या तंत्रातला, म्हणजे दुसऱ्या भागातला, हिरण्यक उंदीर घ्या. कबुतरांचं जाळं कुरतडतो तो. आपण तिथेच थांबतो, एकीचं बळ म्हणतो आणि पान उलटतो. पण लघुपतनक नावाचा कावळा हे सगळं वरून बघत असतो. तो हिरण्यकाच्या बिळाशी येतो आणि म्हणतो, माझ्याशी मैत्री कर. उंदीर आतूनच म्हणतो, तू खाणारा, मी खाल्ला जाणारा, आपली मैत्री कशी व्हायची? कावळा हटत नाही. मैत्री नाही केलीस तर इथेच तुझ्या दारात अन्नपाणी सोडून प्राण देईन म्हणतो. बराच वाद होतो. शेवटी हिरण्यक कबूल होतो, पण एका अटीवर: माझ्या बिळात तुझं पाऊल कधीही पडता कामा नये.

किती खरी अट आहे ती! मैत्री मान्य आहे, पण चोच तीच आहे हे तो विसरलेला नाही.

चित्रकादंबरी म्हणजे या प्रसंगाला अर्ध्या ओळीऐवजी दहा पानं देणं. मी तो कसा काढेन ते सांगते, म्हणजे तुमच्या मुलाच्या हातातल्या पुस्तकात काय घडतंय हे दिसेल. पहिलं पान जवळजवळ काळं. बिळाच्या आतून बघतोय आपण, समोर उजेडाचा एक गोल. दुसऱ्या चौकटीत तो गोल अर्धा झाकला जातो. बाहेर काही तरी बसलंय. तिसरीत गोलात फक्त चोच. चोच उंदराच्या डोक्यापेक्षा मोठी, कारण कावळ्याची चोच खरोखरच तेवढी असते. इथवर एकही शब्द नाही. मग चोच उघडते आणि फुगा येतो: "मित्र होशील?" वाचणाऱ्याच्या पोटात खड्डा पडायला हवा तो इथे. पान उलटेपर्यंत उत्तर मिळत नाही, आणि पान उलटायला लागणारा तो एक क्षण मी मुद्दाम राखलेला असतो. उजव्या पानाच्या शेवटच्या चौकटीत काय ठेवायचं, यावर आम्ही चित्रकार जितकी झोप घालवतो तितकी रंगावर घालवत नाही.

आणि याच गोष्टीत पुढे तो कावळा हिरण्यकाला पाठीवर बसवून मंथरक कासवाच्या तळ्याकडे उडत जातो. खाल्ला जाणारा खाणाऱ्याच्या पाठीवर, आणि खाली सगळं रान. ते चित्र मला दोन पानांवर पसरून एकदा काढायचंय. आधीची दहा काळी पानं नसतील तर त्या उड्डाणाला काही किंमत उरणार नाही.

प्राण्यांची कादंबरी हाती आली की म्हणून मी पहिल्यांदा एकच बघते: इथे कोण कुणाला खातं, आणि लेखकाने त्याचं काय केलंय? सगळेच बोलतात तर घुबड रात्री जेवतं काय? काही लेखक हा प्रश्न टाळतात, सगळ्यांना भाजी-भाकरी खायला घालतात. ती पुस्तकं मी सहसा पुरी करत नाही. ज्याने शिकाऱ्याला बोलू न देता निसर्गासारखं मुकं आणि अफाट ठेवलं, किंवा ज्याने बोलूही दिलं आणि भूकही ठेवली, त्याच्या जगावर माझा विश्वास बसतो. काल्पनिक जगात जादू किती आहे यापेक्षा तिथले नियम किती काटेकोरपणे पाळलेत हे वाचकाला धरून ठेवतं. आठ सेंटिमीटरच्या नायकाला एका दिवसात किती चालता येईल, हे त्या पुस्तकाच्या सुरुवातीच्या नकाशावर बोट ठेवून तुमच्या मुलाने नक्की मोजलं असेल. विचारून बघा.

चेहऱ्याबद्दल थोडं सांगायलाच हवं, कारण माझं आयुष्य त्यात गेलंय. प्राणी माणसासारखा बोलायचा म्हटला की सगळ्यात मोठी अडचण डोळ्यांची. ससा, उंदीर, हरीण यांचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात, चहूकडून येणारा शत्रू दिसावा म्हणून. तुमच्याकडे सरळ बघणारा उंदीर काढायचा तर चित्रकाराला ते डोळे पुढे ओढून आणावे लागतात. घुबडाला तशी गरज नाही, त्याचे डोळे मुळात समोर असतात, म्हणूनच ते आपल्याला विचारात पडलेल्या आजोबांसारखं वाटतं. दुसरी गोष्ट डोळ्यातल्या पांढऱ्याची. माणसाच्या डोळ्यात बुबुळाभोवती पांढरं ठळक दिसतं, त्यावरून तो कुठे बघतोय हे लांबूनही कळतं. बहुतेक प्राण्यांमध्ये ते जवळजवळ दिसतच नाही. मी उंदराच्या डोळ्यात जरासं पांढरं ठेवलं की तो माणूस होतो, चोरून बघू शकतो, लाजू शकतो. नुसता काळा मणी ठेवला की तो जनावर राहतो, आणि त्याच्या मनात काय चाललंय ते वाचणाऱ्याला स्वतःच भरावं लागतं. मला दुसरं जास्त आवडतं. मणी काळाच ठेवला तर भाव कान, शेपटी आणि पाठीचा बाक यांनी दाखवावे लागतात, आणि मुलं ते किती अचूक वाचतात ते पाहून मी अजूनही थक्क होते. शेपटी पायांत घेतली की 'तो घाबरला' असं लिहायची गरज उरत नाही.

माझं पहिलं चित्रपुस्तक याच ठिकाणी फसलं होतं. मी मांजरीला नऊवारी नेसवली, नथ घातली, आणि वर मांजरीचं डोकं बसवलं. खाली माझी काकू होती, वर मांजर. एकाही हालचालीत ती मांजर नव्हती. त्यानंतर दोन वर्षं मी फक्त पाय काढले. कुत्र्याच्या मागच्या पायाचा उलटा वाकलेला 'गुडघा' आपल्याला दिसतो, ती खरं तर त्याची टाच असते. तो कायम चवड्यांवर चालतो. त्याला दोन पायांवर उभं करायचं तर ती टाच जमिनीला टेकवायची की अधांतरी ठेवायची, यावर पात्राचा अख्खा स्वभाव बदलतो. टेकवली की तो स्थिर, गृहस्थ दिसतो. अधांतरी ठेवली की कुठल्याही क्षणी चार पायांवर येऊन पळेल असा. विद्यार्थ्यांना मी कमाटीबागेतल्या म्युझियममध्ये त्या प्रचंड निळ्या देवमाशाच्या सांगाड्यासमोर बसवते. त्याच्या वल्ह्यात बोटांची हाडं आहेत हे कागदावर उतरवताना कळलं की आपला हात आणि त्याचं वल्हं यांतलं अंतर एकदम कमी होतं.

या शहरात ही वाट नवी नाही. इथे शिकवणाऱ्या के. जी. सुब्रमण्यन यांच्यासारख्या मोठ्या चित्रकाराने मुलांसाठी प्राण्यांच्या चित्रकथा लिहिल्या आणि काढल्या, फाइन आर्ट्सच्या मेळ्यासाठी खेळणी केली. मी शिकायला गेले तोवर ते शांतिनिकेतनला परतले होते, पण मुलांसाठी काढणं हे दुय्यम काम नाही ही समज त्यांनी तिथे मागे ठेवली होती. ती मला फुकट मिळाली.

एका गोष्टीवर मात्र तुम्ही लक्ष ठेवाच. मराठीत प्राण्यांच्या प्रकाराला आपण 'जात' म्हणतो. उंदराची जात, मुंगसाची जात. प्राण्यांच्या काल्पनिक कादंबऱ्यांमध्ये हा शब्द फार लवकर दुसऱ्या अर्थाने खरा होतो. छोटे उंदीर सगळे शूर, घुशी सगळ्या दुष्ट, मुंगूस जन्मतः कपटी. रक्तावरून स्वभाव ठरतो, आणि वाचणाऱ्याला ते खटकतही नाही, कारण 'ते तर प्राणी आहेत'. मी वर्गात हा प्रश्न दरवर्षी काढते: या पुस्तकात एक तरी भली घूस आहे का? नसेल तर का नाही? मागच्या वर्षी एका मुलाने पुस्तक घरी नेलं आणि रणांगणाच्या मागच्या कोपऱ्यात चित्रकाराने काढलेली, जखमी सोबत्याला ओढून नेणारी एक घूस शोधून आणली. शब्दांत तिचा उल्लेखच नव्हता. पंचतंत्राला तरी हे कुठे सुटलंय? कावळे-घुबडांच्या तंत्रात स्थिरजीवी कावळा शरणागत बनून घुबडांच्या गुहेत राहतो आणि शेवटी गुहाच पेटवून देतो. शाळेत हे चातुर्य म्हणून शिकवतात. ज्याने त्याला जीवदान दिलं त्या घुबडांच्या राजाचा चेहरा त्या आगीत कसा काढायचा, हा प्रश्न चित्रकारालाच पडतो.

वाचन सुटेल का, याचं माझं उत्तर: नाही. पण ते तपासायचा एक मार्ग देते. पुस्तकातलं बिनशब्दांचं एखादं पान काढा आणि त्याला म्हणा, मला हे वाचून दाखव. 'सांग' म्हणू नका, 'वाच' म्हणा. दोन चौकटींमधल्या पांढऱ्या पट्टीत काय झालं हे तो सांगतो का बघा. एका चौकटीत उगारलेली तलवार, पुढच्या चौकटीत बर्फावर पडलेली टोपी. मधलं कुणी काढलेलं नाही, ते त्याने स्वतः केलं. हे जर तो भरभरून सांगत असेल तर तो वाचतोय, आणि मन लावून वाचतोय. नुसतीच पानं उलटत असेल तर शेजारी बसून एकदा सावकाश वाचा. चित्रांवरून डोळा घसरतो, ही या प्रकारातली खरी अडचण आहे. मला ज्या पानाला तीन दिवस लागतात ते सात सेकंदांत संपतं. तिसऱ्यांदा वाचतोय म्हणता, म्हणजे तो बहुधा या घसरण्यातून बाहेर आलाय.

मराठीत असं पुस्तक का नाही, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण मला बोलायचंय. पैशांचं कारण सगळ्यांना माहीत आहे. दुसरं कारण फार साधं आणि हाताशी संबंधित आहे. इंग्रजी फुग्यांत बहुतेक सगळी मोठी लिपी असते, सगळी अक्षरं एका उंचीची, ओळी एकमेकींना चिकटवून बसवता येतात. आपल्याकडे शिरोरेघेच्या वर वेलांटी, रफार, अनुस्वार, खाली उकार, ऋकार. दोन ओळींत जागा सोडली नाही तर वरच्या ओळीतला उकार खालच्या ओळीतल्या मात्रेत अडकतो. त्यामुळे तेवढ्याच वाक्याला फुगा उंच लागतो आणि चित्र दबतं. इंग्रजीसाठी काढलेल्या फुग्यात मराठी कोंबलं की ते बारीक आणि केविलवाणं दिसतं ते यामुळे. मराठीसाठी पान मुळातच मराठीत रचावं लागतं, फुग्यांची जागा आधी सोडून. मी हाताने अक्षरं काढते तेव्हा उंदराची अक्षरं बुटकी आणि कावळ्याची शिरोरेघ लांब, जराशी उतरती ठेवते. बोलणारा चौकटीबाहेर असला तरी कोण बोलतंय ते कळतं.

येत्या रविवारी त्याला घेऊन कमाटीबागेत जा. पिंजऱ्यांकडे नको, तिथे प्राणी कंटाळलेले असतात. एखाद्या मोठ्या झाडाखाली बसा, खारी येतील. वही आणि मऊ पेन्सिल द्या, आणि सांगा की चेहरा काढायचा नाही. खाताना ती मागच्या पायांवर बसते तेव्हा टाच कुठे टेकते, शेपटी कुठल्या बाजूला वळते, एवढंच काढायचं. पहिली दहा चित्रं बिघडतील, खार थांबत नाही. वहीत काही खोडू देऊ नका. आणि बाबांनाही एक पेन्सिल द्या.